दोन थेंब तेल

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न बसायच्या जागेबद्दलचा आहे. विचारणारा बहुतेक वेळा मोठा माणूस असतो, कुठल्या तरी कंपनीत मॅनेजर, नवी कोरी सायकल घेऊन आठ दिवस झालेले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत उगाच पंपाशी चाळा करत थांबतो आणि मग हळूच म्हणतो, मिस्त्री, जरा मऊ सीट मिळेल का. मी सांगतो, मऊ घेतलीत तर आणखी दुखेल. सायकलवर माणूस दोन हाडांवर बसतो. सीट मऊ असली की हाडं आत रुततात आणि नको तिथे दाब येतो. सीट अर्धा इंच वर घ्या, तिचं नाक सरळ ठेवा आणि पंधरा दिवस कळ काढा. सोळाव्या दिवशी तोच माणूस घंटी वाजवत दुकानावरून जातो, थांबत नाही. आमच्या धंद्यात सल्ला लागू पडल्याची खूण हीच की गिऱ्हाईक परत येत नाही.

माझं दुकान निगडीत, बसस्टँडच्या मागच्या अंगाला. उदगीरकडून इकडे आलो ते कंपनीत लागायचं ठरवून. कंपनीत काही लागलो नाही. कंपनीत जाणाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करायला लागलो आणि त्यातच डोक्यावरचे केस गेले. मधे काही वर्षं अशी आली की सगळे मोटारसायकलीवर गेले आणि मी दिवसभर पेपर वाचत बसायचो. मग सायकली परत आल्या, पण निराळ्याच. एकवीस गिअर, जाडजूड टायर, चाकाच्या मधोमध पोलादाची चकती आणि त्या चकतीलाच ब्रेक. पन्नाशीनंतर मी परत शिकाऊ झालो. चकतीचा ब्रेक मला अनिकेत नावाच्या एका गिऱ्हाइकाने शिकवला. तो हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने मोबाइल माझ्या हातोड्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ लावला आणि आम्ही दोघं मांडी घालून ते बघत बसलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं पंक्चर म्हणजे खिळा. आमच्या पट्ट्यात खिळा क्वचित. इथे भंगाराच्या गाड्यांतून लेथवरची चिप सांडते, म्हणजे लोखंड कापताना निघालेला कीस. टायर ओल्या रस्त्यावरून गेला की ती चिप त्याला चिकटते आणि चार-पाच दिवस हळूहळू आत घुसत राहते. चिमट्याने चिप काढली की मी तिच्याकडे बघून सांगायचो, माणूस कुठल्या रस्त्याने कामाला जातो. निळसर, गुंडाळी झालेली निघाली तर भोसरी. चमकणारी, अॅल्युमिनियमची निघाली तर चाकण. दहातली आठ उत्तरं बरोबर यायची आणि मला त्याचा भारी अभिमान होता. एकदा एक जण बायकोसमोर म्हणाला, हा अख्खा आठवडा भोसरीतच होतो. चिप चाकणची निघाली. तेवढ्या वेळेला मी गप्प बसलो.

पण माझी खरी कमाई म्हणजे कान. "आवाज येतो" ही सायकलची सगळ्यात फसवी तक्रार. पेडलमधून येतोय असं वाटणारा आवाज सीटच्या दांडीतून येतो आणि चाकातला वाटणारा कॅरिअरच्या नटातून. म्हणून माझा एक नियम होता. सायकलला हात लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला सांगायचो, आधी एक चक्कर मारून दाखवा. बसस्टँडच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी डोळे मिटून ऐकायचो. एका गृहस्थाने तीन दुकानं फिरून अर्धी सायकल बदलून घेतली होती, तरी कटकट चालूच. माझ्याकडे चक्कर मारली, कटकट आली. मी म्हटलं, आता पाठीवरची बॅग काढून मारा. आवाज बंद. जेवणाच्या डब्यात चमचा होता. त्या दिवशी त्याचे पैसे मी घेतले नाहीत, पण ती गोष्ट मात्र निदान शंभर जणांना सांगितली.

मग अनिकेतने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. निगडी, रुपीनगर, तळवडे, चिखली, प्राधिकरण या बाजूचे रोज सायकलने कामाला जाणारे लोक त्यात होते. वॉचमन होते, शाळेच्या बाई होत्या, आयटीवाले होते, लाइनवर काम करणाऱ्या बायका होत्या. मलाही त्यात घातलं. माझे हात ग्रीसने भरलेले, त्यामुळे मी बोलून मेसेज पाठवायचो. प्रश्न सकाळी साडेपाचपासून सुरू. चेन कितीदा पुसायची? पावसात हवा कमी ठेवायची का? चाकणच्या मार्केटपाशी कांद्याच्या पातीवरून चाक घसरतं, काय करावं? त्याला उत्तर, तिथे वळू नका आणि ब्रेकही दाबू नका, सरळ निघून जा. कुत्री मागे लागतात? उतरा, सायकल मधे धरा आणि चालत राहा, पळालात तर मेलात. यावर एका वॉचमनने लिहिलं की तो रोज एक बिस्किटाचा पुडा टाकतो आणि आता चार कुत्री त्याला तळवड्यापर्यंत सोडायला येतात. ग्रुपने त्याचंच ऐकलं, माझं नाही.

खरं सांगतो, या ग्रुपने मला म्हातारपणी दुसरा जन्म दिला. दुकानात दिवसाला पाच माणसं यायची, इथे दोनशे माणसं काका काका करत होती. मी चहा पिताना उत्तर द्यायचो, भाजी घेताना द्यायचो. लोक म्हणायचे, काकांना नुसतं सांगितलं तरी कळतं. ते ऐकून मी फुगलो आणि चक्कर मारून दाखवा म्हणायचं कधी बंद केलं, ते माझं मलाही कळलं नाही.

वैशाली ग्रुपमध्ये होती. रुपीनगरला राहणारी, तिशीतली. महाळुंग्याच्या पुढे एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर कंत्राटात काम करायची. कंपनीची बस पर्मनंटवाल्यांना होती, कंत्राटवाल्यांनी आपापलं यायचं. पहिल्या शिफ्टला पोचेल अशी दुसरी गाडी नव्हती. अनिकेतने नवी सायकल घेतली तेव्हा त्याची जुनी हिने घेतली. तिचा हँडल आणि सीट मीच तिच्या उंचीला बसवून दिली होती. पहिल्या आठवड्यात ती रोज एक प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळालं की हात जोडल्याचं चित्र टाकायची. सासरचे लोक तिथले जुनेच, पण जमीन कधीच गेलेली, चार खोल्या तेवढ्या राहिलेल्या. नवरा टेम्पो चालवतो. सुनेनं सायकलवर बारा किलोमीटर जायचं हे सासूला पटत नव्हतं, पण लाइनवर तिचं नाव चांगलं झालं होतं आणि तिला ते काम आवडायचं.

एका संध्याकाळी तिने विचारलं, काका, मागच्या चाकातून किरकिर येते, काय करू? मी एका लग्नात होतो, पंगत बसलेली, हातात जिलबी. मी बोलून पाठवलं, "अगं, किरकिर म्हणजे सायकल तेल मागतेय. जिथून आवाज येतो तिथं दोन थेंब सोड, गप्प बसेल." आणि जिलबी खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ग्रुपवर आलं की वैशाली पडली. नदीवरच्या पुलाआधी उतार आहे. तिथे पुढे एक टेम्पो थांबलेला होता, त्यावर आदळू नये म्हणून तिने सायकल बाजूच्या खडीच्या ढिगात घातली. डावं मनगट मोडलं. जिवावरचं मनगटावर निभावलं. मग सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. अंतर ठेवायला हवं होतं. उतारावर वेग कमी करायला नको का? बायकांनी त्या रस्त्याला जाऊच नये. शेवटी तिने स्वतः लिहिलं, माझीच चूक झाली, ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही. मीही काळजी घे म्हणून मेसेज पाठवला.

दोन दिवसांनी तिचा नवरा टेम्पोतून सायकल घेऊन दुकानात आला. म्हणाला, नीट करा आणि कुणी घेणारा असेल तर देऊन टाका, आईनं सांगितलंय, आता सायकल बंद. मी विचारलं, मग कामावर कशी जाणार? तो म्हणाला, नाही जाणार. लाइन लीडरने प्लास्टर निघेपर्यंत जागा ठेवतो असं सांगितलं होतं, पण तिला स्वतःलाच आता भरवसा राहिला नव्हता.

तो गेल्यावर मी सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. पुढचं फिरवलं, तेही फिरतच राहिलं. चकतीवर बोट फिरवलं तर बोट चकचकीत झालं. 

न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. जुन्या सायकलीत रबर रिमला घासतं आणि चाक थांबतं. नव्या सायकलीत दोन पॅड त्या पोलादी चकतीला दोन्हीकडून चिमटतात. तिथे तेलाचा थेंब पडला की ते पॅड तेल पितात आणि मग कितीही दाबा, चकती त्यांच्यातून निसटत राहते. सगळ्या सायकलीत तेल कधीही लावू नये अशी जर एक जागा असेल तर ती हीच. मला हे माहीत नव्हतं असं नाही, म्हणून तर जास्त लागलं. तिची किरकिर चकतीतूनच येत होती, कारण तिथे धूळ बसली होती. कोरड्या फडक्याने पुसली असती तर संपलं असतं. सायकल मीच बसवून दिलेली, तरी ती चकतीची हे आठवलं नाही, आणि कुठून आवाज, तेही विचारलं नाही. आणि ती बिचारी सांगितलेलं मनापासून करणारी, तिने पुढच्या चाकालाही तेल सोडलं होतं.

हे फक्त मला कळलं होतं. तिला नाही, नवऱ्याला नाही, ग्रुपमधल्या दोनशे शहाण्यांना नाही. पॅड काढून टाकायचे, चकती स्पिरिटने पुसायची की पुरावाही गेला. दोन दिवस मी काही बोललो नाही, हे इथे लिहितो, कारण लपवून काय करू. मनाची समजूत घालायचो की मी सांगितलं तेलाचं, चकतीवर सोड असं कुठे म्हणालो. मग माझाच आवाज परत ऐकला, जिथून आवाज येतो तिथं. बायकोने तो ऐकला आणि विचारलं, ही तुमची पोरगी असती तर कधी गेला असतात? मी चप्पल घातली.

रुपीनगरच्या त्या खोलीत वैशाली पलंगावर हात गळ्यात बांधून बसली होती आणि सासू, हिराबाई, लसूण सोलत होत्या. मला वाटलं होतं, आधी चहा होईल, मग बोलू. पण हिराबाईच बोलल्या.

"आमी पयल्यापासून सांगत हुतो, हिला जमणार न्हाई. आता हिला बी पटलंय."

मी उभ्यानेच सांगून टाकलं. चकती, पॅड, तेल, जिलबी, सगळं. चूक तिची नव्हती, माझी होती, असं दोनदा म्हणालो.

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि तिने द्याव्यात असंही वाटत होतं. ती म्हणाली, "म्हणजे मी ब्रेक दाबला होता?"

"दाबला होतास. दोन्ही हातांनी दाबला होतास."

"मी हॉस्पिटलात तेच सांगत होते, काका. मग सगळे म्हणायला लागले, घाबरली असशील, दाबलाच नसशील. मग मलाही वाटायला लागलं की नसेल दाबला. रोज डोळे मिटून आठवून बघते, हात कुठे होते माझे." एवढं बोलून ती रडायला लागली आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

हिराबाईंनी लसूण बाजूला ठेवला. त्यांनी मला वय विचारलं. मी सासष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग एवढ्या वयात फोनवर कशाला वैद्यकी करता? वैद्य बी आधी नाडी बघतो."

मी मान खाली घातली. त्यांनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इकली का सायकल?"

"नाही."

"मंग ठिवा. हात बरा झाला की नीट करून आणा. तिला कामावर जायचं हाय." आणि मग चहा ठेवायला उठल्या. आयुष्यात पुष्कळ चहा प्यालो, पण त्या कपाइतका मोलाचा दुसरा आठवत नाही.

संध्याकाळी ग्रुपवर मी सगळं बोलून पाठवलं. वैशालीने ब्रेक दाबला होता, चूक माझी होती, यापुढे मी इथे सल्ला देणार नाही, असं सांगितलं.  मी फोन पालथा ठेवला. मग टुणकन वाजलं. प्राधिकरणातल्या शाळेच्या बाई होत्या. त्यांनी त्यांच्या सायकलच्या चाकाचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, काका, माझ्या सायकलला ही चकती आहे का? मी पण तुमचं ऐकून तेल सोडलंय, पण चेनवर. मागोमाग वॉचमनचा फोटो आला. मग अनिकेतचा. अर्ध्या तासात चाळीस चाकं माझ्या फोनवर आली आणि प्रत्येक जण विचारत होता, बघून सांगा. वैशाली पडल्यावर ज्यांनी शहाणपण शिकवलं होतं, त्यातल्या तिघांनी तिची माफी मागितली. मी फोन हातात घेऊन बसलो आणि पहाटे पाणी भरायची वेळ झाली तरी उत्तरं देत होतो. या माणसांचे उपकार मी कसे फेडणार?

पॅड नवे घातले. चकत्या तीनदा पुसल्या. हँडल वाकला होता, तो सरळ केला. मग मी स्वतः त्या सायकलवर बसून बसस्टँडच्या भिंतीपर्यंत चकरा मारल्या आणि भिंतीशी जाऊन ब्रेक दाबला. किती वेळा, ते मोजलं नाही. समोरचा चहावाला म्हणाला, मिस्त्री, भिंत पाडताय का.

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि कामावर परत जायचा दिवस ठरला. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी सोबत येतो. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, पण नाही म्हणाली नाही. पहाटे हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सायकलच्या ब्रेकला एकदा हात लावून बघितला.

एक कबुली द्यायची राहिली. त्या रस्त्याच्या चिपा मी आयुष्यभर चिमट्याने काढल्या, पण त्या रस्त्याने सायकलवर कधी गेलो नव्हतो. पाच किलोमीटरमध्ये माझा सगळा पंडितपणा उतरला. वैशाली पुढे आणि मी मागे. ती मान न वळवता सांगत होती. काका, इथून उजवीकडे राहा, डावीकडे झाकण खचलंय. कंपनीची बस आली की थांबायचं, तिच्या मागचा कंटेनर आपल्याला बघत नाही. इथे हवा समोरून येते, गिअर उतरवा. ती सांगेल तसं मी करत होतो. यातलं एकही मला ठाऊक नव्हतं.

पुलाआधीचा उतार आला. खडीचा ढीग अजून तिथेच होता, जरा खचलेला. माझ्या तोंडात शब्द आले होते, ब्रेक दाब, आत्ताच दाब. मी दातावर दात ठेवले. तिची पाठ ताठ झाली, सायकलने वेग घेतला, आणि ढिगाच्या अलीकडे पाच-सहा हातांवर तिने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल जागच्या जागी उभी राहिली. ती एक पाय टेकून तशीच थांबली. मागून ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. तिने बरं झालेलं मनगट एकदा फिरवून बघितलं, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"लागतो, काका," ती म्हणाली. "चला, गेटवरचं पंचिंग चुकेल."